शिष्यवृत्तीचे ऋण

आम्हां रावपुऱ्यात राहणाऱ्यांस ज्या एका शिष्यवृत्तीचा अभिमानही वाटावा आणि खेदही व्हावा, ती १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर या बावीस वर्षांच्या पदवीधरास दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करावी, असा करार होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे कसून अध्ययन केले व १९१५ साली एम. ए. ची पदवी संपादन केली.

१९१७ साली करार पाळण्यासाठी ते बडोद्यास आले. कचेरीत हुद्दा मिळाला. परंतु अस्पृश्य म्हणून शहरात बिऱ्हाड मिळेना. जात लपवून ते पारशी पथिकाश्रमात उतरले, तर तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले.

विद्या मात्र वाया गेली नाही. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली. १९४२ ते १९४६ या काळात केंद्रात मजूर खाते सांभाळताना पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. पूर आवरणे, शेतीस पाणी देणे व वीज निर्माण करणे ही तिन्ही कामे एकत्र साधणाऱ्या दामोदर खोऱ्याच्या योजनेस त्यांनी चालना दिली.

बडोद्याचे ऋण त्यांनी असे साऱ्या देशास फेडले. विद्यार्थ्यांनो, शिष्यवृत्ती घ्याल तर ती अशीच फेडा. आणि परगावाहून आलेल्या गुणी माणसास आपल्या गल्लीत घर मिळते की नाही, हे पाहणे आम्हां वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय.