ग्वांग्शू बादशहा आणि घाईचा आरोप

चीनच्या अखेरच्या बादशहांची गोष्ट निघाली म्हणजे वाचकांचे लक्ष राजमाता त्सशी हिच्या ऐश्वर्याकडे, नाहीतर पुरती तीन वर्षेही झाली नसता गादीवर बसविलेल्या पू-यीकडे जाते. इ. स. १८७५ पासून १९०८ पर्यंत जो नावाने बादशहा होता, त्या ग्वांग्शूची आठवण क्वचितच होते. आणि झाली तरी त्याने सुधारणेची घाई केली म्हणून तो बुडाला, एवढा शेरा मारून त्यास निरोप देण्यात येतो. हा शेरा आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही, हे त्याचे चरित्र पाहिल्यावाचून कळणार नाही.

ग्वांग्शूचा जन्म १८७१ सालचा. त्याची आई त्सशीची धाकटी बहीण. १८७५ च्या जानेवारीत त्सशीचा पुत्र थोंगची निपुत्रिक वारला, तेव्हा तिने रातोरात या साडेतीन वर्षांच्या भाच्यास राजवाड्यात आणवून बादशहा केले. मृताचे पितृकार्य करणारा वारस पुढच्या पिढीतला असावा, असा त्या घराण्याचा नियम होता. पिंडदानाच्या अधिकारावरून आपल्याकडे होणारे तंटे ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस या नियमाचे गांभीर्य सांगावयास नको. ग्वांग्शू हा थोंगचीचा चुलतभाऊ, म्हणजे त्याच्याच पिढीतला. पण पुढच्या पिढीतला मुलगा घेतला असता तर त्सशी आजी ठरती व राजमातेचा कारभार हातचा जाता! नियम मोडला याचा निषेध म्हणून वू कदू नामक अधिकाऱ्याने १८७९ साली आत्महत्या केली. दरबार आपल्या जागी स्वस्थ राहिला.

या मुलाचे बालपण विधी, मुजरे आणि खोजे यांच्या गराड्यात गेले. मायेचे माणूस म्हणावे तर एक गुरु वेंग थोंगह. त्यांनी त्यास प्राचीन ग्रंथ शिकविले, आणि जगाच्या चालत्या काळाची जिज्ञासाही लाविली. पुढे बादशहा इंग्रजीचे धडे घेऊ लागला. १८८९ साली त्याचे लग्न झाले व राज्यकारभार त्याच्या हाती आला, असे जाहीर झाले. वधू लोंगयू ही राजमातेची भाची. निवड अर्थातच राजमातेची. मोठ्या नेमणुकांस तिची संमती लागे, आणि ती राही ग्रीष्मप्रासादात. त्या प्रासादाच्या डागडुजीस व शोभेस आरमाराचा पैसा वळविला गेला. १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनचे आरमार बुडविले, तैवान घेतले, आणि २० कोटी ताएल चांदी दंड म्हणून वसूल केली. एक ताएल म्हणजे आपले सुमारे तीन तोळे.

पराभवाने देश हादरला. कांग यूवेई या पंडिताने पेकिंगमध्ये परीक्षेस आलेले विद्यार्थी जमवून अर्ज केला; पुढे जर्मनीने व रशियाने किनाऱ्यावरची बंदरे बळकाविली, तेव्हा बादशहाचाही धीर सुटला. ११ जून १८९८ रोजी त्याने सुधारणेचे फर्मान काढले, आणि पुढे १०३ दिवस फर्मानांचा ओघ थांबला नाही. परीक्षांतील अष्टपदी निबंधाची घोकंपट्टी बंद; पेकिंगास विद्यापीठ; बिनकामाच्या जागा रद्द; शेती, खाणी, रेल्वे यांस उत्तेजन; आणि कोणाही अधिकाऱ्यास व प्रजाजनास थेट बादशहाकडे अर्ज करण्याची मुभा. असा एक अर्ज दाबून ठेविला म्हणून विधिखात्याच्या सहा वरिष्ठांस त्याने एकदम बडतर्फ केले. ज्यांची पोटे बिनकामाच्या जागांवर भरत होती, ते सारे ग्रीष्मप्रासादाकडे धावले.

बादशहाची चूक आम्ही झाकीत नाही. फर्मान निघाले की काम झाले, असे तो समजला. प्रांतांचे सुभेदार फर्माने वाचून बाजूस ठेवीत. हूनानवाचून कोठे मनापासून अंमल झालाच नाही. फौज राजमातेच्या विश्वासातील रोंगलूच्या हाती होती. पहिल्याच आठवड्यात वेंग थोंगह यांस बडतर्फ करून घरी पाठविण्यात आले, तेव्हाच त्याने ओळखावयास हवे होते. अखेरीस थान सथोंग हा तरुण सुधारक रात्री सेनापती युआन शिकाय याच्याकडे गेला व त्याने बळाची मदत मागितली. मदत आली नाही, बातमी मात्र रोंगलूपर्यंत पोहोचली. २१ सप्टेंबर रोजी राजमातेने कारभार पुन्हा हाती घेतला. आठवडाभरात थानसह सहा जणांची डोकी चौकशीवाचून उडविण्यात आली. कांग परदेशी निसटला. तेथे त्याने लिहिलेल्या हकीकतीत पदरची भर पुष्कळ आहे, हे पुढील संशोधकांनी दाखविले आहे. त्यामुळे त्सशीच्या दुष्टपणाच्या सर्वच कथा खऱ्या मानण्याचे कारण नाही. तथापि यिंगथाय या तळ्यातील बेटावर बादशहा कैदेत पडला, ही काही कथा नव्हे. पेकिंगचे विद्यापीठ तेवढे वाचले.

१९०० साली दरबाराने बॉक्सरांच्या बंडास पाठिंबा दिला, आठ राष्ट्रांच्या फौजा पेकिंगात शिरल्या, आणि राजमाता कैदी बादशहास बरोबर घेऊन शीआनकडे पळाली. निघतेवेळी बादशहाची प्रिय राणी चन वाड्यातील विहिरीत बुडून मेली. ती राजमातेच्या हुकुमाने ढकलली गेली असे सर्वत्र सांगतात. या खेपेचा दंड ४५ कोटी ताएल.

आता घाईचा हिशेब पाहू. १९०१ च्या जानेवारीत शीआनहून सुधारणेचे फर्मान निघाले, आणि तेही बंदिवान ग्वांग्शूच्याच नावाने! त्याच वर्षी अष्टपदी निबंध पुन्हा रद्द झाला; १९०५ साली त्या परीक्षाच बंद झाल्या; १९०८ साली राज्यघटनेचा आराखडा प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या गोष्टींसाठी सहा माणसे मारली, त्यांतील पुष्कळशा, आणि काही त्यांहूनही पुढच्या, त्याच राजमातेने दहा वर्षांच्या आत केल्या. मग १८९८ साली त्या अकाली कशा ठरतात? मधल्या काळात देशाची अब्रू, तिजोरी आणि प्रजेचा विश्वास ही तिन्ही गेली, एवढाच काय तो फरक पडला. घाईचा आरोप करणारांनी या विलंबाची किंमतही मांडावी, अशी आमची त्यांस विनंती आहे.

१४ नोव्हेंबर १९०८ रोजी ग्वांग्शू ३७ व्या वर्षी वारला. दुसऱ्याच दिवशी त्सशी गेली. शंभर वर्षांनी, २००८ साली, त्याच्या केसांच्या व वस्त्रांच्या परीक्षेत सोमलाचे मोठे प्रमाण आढळले, आणि मृत्यू विषाने झाला असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विष देणारा हात मात्र त्या परीक्षेने दाखविलेला नाही.

लोंगयू त्याच्या मागे राहिली. बालबादशहा पू-यीच्या वतीने १२ फेब्रुवारी १९१२ रोजी राज्यत्यागाचे फर्मान तिनेच काढले. त्या वेळी ग्वांग्शूची समाधी अर्धवट होती. ती नव्या प्रजासत्ताकाने आपल्या खर्चाने पुरी करावी, असे राज्यत्यागाच्या करारात कलम घातले गेले, आणि १९१३ साली त्यास त्या समाधीत पुरले.