रामन यांनी प्रवेश नाकारलेल्या मराठी मुलीने बटाट्यात शोधला ऊर्जेच्या साखळीतला दुवा

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावं ओस पडायला लागतात. माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. पहाटे भाकरी खायची, फडात उतरायचं आणि दिवसभर राबायचं. पण पोटातल्या भाकरीची हातात ताकद होते कशी?

या उत्तरातल्या एका महत्त्वाच्या दुव्यावर काम केलं एका मराठी बाईने. त्यांचं नाव कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत. १९११ मध्ये इंदूरला जन्म. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका, दोघंही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. बाई आहे म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या थेट बंगळुरूला गेल्या आणि रामन यांच्यासमोर अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित करायचं नाही! हा अपमान त्या विसरल्या नाहीत, पण त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं मुलींसाठी उघडली.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम-सी असल्याचं दाखवून दिलं.

आता हे सायटोक्रोम-सी करतं काय?

भाकरीतल्या स्टार्चचं पोटात ग्लुकोज होतं आणि ते रक्तातून पेशीत पोचतं. तिथे त्याचे तुकडे होताना इलेक्ट्रॉन सुटतात. विहिरीपासून घरापर्यंत माणसांनी रांग लावून हंडे पुढे सरकवावेत, तसे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात हे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात. सायटोक्रोम-सी हा त्या रांगेतला एक गडी. शेवटी इलेक्ट्रॉन घ्यायला ऑक्सिजन उभा असतो आणि त्यातून पाणी तयार होतं. या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेवर एटीपी बनतं आणि स्नायू चालतात ते एटीपीवर. सायनाइड नेमकी हीच रांग अडवतं, म्हणून माणूस काही मिनिटांत मरू शकतो.

हे संशोधन कमलाबाईंनी अवघ्या ४० पानांच्या प्रबंधात मांडलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी करणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

परदेशात थांबता आलं असतं, पण त्या भारतात परतल्या. लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवताना त्यांनी गरिबांच्या ताटातल्या अन्नाचा अभ्यास केला. कडधान्यं, तांदळाचं पीठ आणि नीरा. नीरेत जीवनसत्त्वं असून कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना तिचा फायदा होतो, हे त्यांनी दाखवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेच्या त्या पुढे संचालकही झाल्या.

१९९८ मध्ये दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि काही दिवसांत त्यांचं निधन झालं.

फडात ऊस तोडणारी बाई आणि तिच्या हातातला ऊस, दोघांच्याही पेशीत इलेक्ट्रॉनची तीच रांग चालू असते आणि त्या रांगेत सायटोक्रोम-सी उभं असतं.