परिचारिकांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या रमाबाई

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात, तो सोहळा अनेक पालकांनी पाहिला असेल. ही शपथ फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाते, पण ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या एका नर्सिंग शाळेत ती तयार झाली. पाच मिनिटांत म्हणून होते. तिच्यातला अर्थ अंगात मुरायला मात्र प्रशिक्षणाची सगळी वर्षे लागतात, आणि तो मुरवण्याचे काम शपथ करत नाही. ते कशाने होते, हे आपल्याकडे ज्यांना फार लवकर कळले होते त्या म्हणजे रमाबाई रानडे. न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून त्या सगळ्यांना माहीत आहेत. महाराष्ट्रातल्या नर्सिंगवर त्यांचे केवढे ऋण आहे, हे आमच्या वैद्यकीय क्षेत्रातही थोड्यांनाच ठाऊक असते.

रमाबाई मूळच्या देवराष्ट्रे गावच्या, माहेरच्या कुर्लेकर. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. नवरा तिशी ओलांडलेला, विद्वान, पुण्यात न्यायाधीश, नवरी अक्षरशत्रू. रानड्यांनी लग्नानंतर लगेच पाटी हातात दिली. मराठी झाले, मग इंग्रजी सुरू झाले. खरा त्रास घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा होता. शिकणारी सून म्हणजे घराची लाज, असे मानणारा तो काळ. टोमणे, अबोला, कामात मुद्दाम केलेला दुजाभाव हे सगळे त्यांनी सोसले आणि पुढे १९१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले. शिकणाऱ्या बाईला आजूबाजूचे लोक कसे छळतात हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगावे लागले नाही. माझ्या मते त्यांच्या पुढच्या कामाची मुळे इथे आहेत.

१९०१च्या जानेवारीत रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होत्या, आणि त्यांना मूलबाळ नव्हते. काही काळ त्या सगळ्यातून बाजूला झाल्या. १९०८मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे मुंबईत सेवासदन काढण्याची कल्पना घेऊन त्यांच्याकडे आले. त्यात हिंदी स्त्रियांना परिचारिका म्हणून तयार करण्याचाही विचार होता. पुढच्याच वर्षी, १९०९मध्ये, भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने पुण्याचे सेवासदन सुरू झाले, आणि रमाबाईंचे उरलेले आयुष्य त्यातच गेले.

आता जरा त्या काळच्या इस्पितळाकडे पाहू. परिचारिका बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती असत. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातल्या बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची, रात्र घराबाहेर काढायची, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. काम वाईट, म्हणून करणारी बाईही वाईट, असा सरळ हिशेब होता. सेवासदनाकडे येणाऱ्यांत विधवा पुष्कळ होत्या. ज्यांना घरात मान नव्हता, त्यांना रमाबाई अशा कामाला पाठवत होत्या ज्याला समाजात मान नव्हता.

पुण्याच्या ससून रुग्णालयात शिकणाऱ्या या मुलींसाठी संस्थेने राहण्याची सोय केली. वाचताना ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण प्रशिक्षणातली निम्मी लढाई तिथे होते. दिवसभर वॉर्डात रक्त, पू, मृत्यू पाहून आलेली अठरा-वीस वर्षांची मुलगी रात्री कुणाशी बोलते, यावर ती कठोर होते की खंबीर, हे ठरते. सोबतीला तेच काम करणाऱ्या मैत्रिणी असल्या आणि वर लक्ष ठेवणारे वडीलधारे माणूस असले, तर पाहिलेले पचते. नाहीतर मुलगी रोग्याकडे पाहायचेच बंद करते.

रमाबाई स्वतःही घरी बसून उपदेश करणाऱ्या नव्हत्या. येरवडा तुरुंगातल्या स्त्रियांना त्या नियमाने भेटायला जात, इस्पितळातल्या रोग्यांसाठी फळे, फुले, पुस्तके नेत. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन जात आणि बायांची सेवा करत. ज्यांच्या घरातून सोवळे सुटले नव्हते अशा मुलींनी गर्दीत अनोळखी बाईला हात देऊन बसवायचे, हा अभ्यासक्रमात नसलेला धडा होता. मोठ्या घरची, सगळ्या पुण्याने मान द्यावा अशी बाई आपल्या शेजारी उभी राहून तेच काम करते आहे, हे त्या पाहत होत्या. त्यानंतर कामाच्या प्रतिष्ठेवर वेगळे भाषण करायची गरज उरत नाही.

सेवासदनच्या वार्षिक समारंभातला एक प्रसंग सांगितला जातो. एक विधवा विद्यार्थिनी लाल अलवणात, डोक्यावरून पदर घेऊन बक्षीस घ्यायला मंचावर आली, तेव्हा सज्जात बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली. रमाबाई तेव्हा गप्प बसल्या. शेवटी आभार मानायला उठल्यावर त्यांनी त्या तरुणांना विचारले, की शिक्षण घेऊनही तुमचे मन एवढे कोते कसे राहिले? तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी दुर्दैवी बहीण किंवा आत्या नाही का? सभागृह चिडीचूप झाले म्हणतात.

या प्रसंगात मला हुर्यो करणाऱ्यांपेक्षा मंचावरच्या त्या मुलीचा विचार जास्त येतो. आपल्यासाठी कुणीतरी चारचौघांत उभे राहते, हे तिने त्या दिवशी पाहिले. पुढे वॉर्डात एखाद्या गरीब रोग्याशी कुणी उर्मटपणे बोलले, तर मध्ये पडण्याचे बळ अशाच अनुभवातून येते. जिच्या अपमानाकडे सगळ्यांनी कानाडोळा केला, तिने दुसऱ्याच्या मानाची काळजी घ्यावी ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आपल्या महाड-पोलादपूर भागात या गोष्टीची किंमत लगेच कळते. लाल विंचू चावलेली मुले इथे पूर्वी हमखास दगावत. त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात जगापुढे मांडले. पण गोळी पोटात गेली म्हणजे काम झाले असे नाही. हातपाय गार आहेत का, घाम किती, नाडी, रक्तदाब, श्वास हे पुन्हा पुन्हा पाहावे लागते, आणि रात्री दोन वाजता ते पाहणारी बहुधा सिस्टरच असते. कशेडी घाटातल्या अपघाताचा रोगी आला तरी तेच. खाटेजवळ न जाता टेबलावर बसून रक्तदाबाचे आकडे भरणे कुठल्याही वॉर्डात शक्य असते, आणि डॉक्टरला ते कागदावरून ओळखता येत नाही. शिकाऊ मुलगी पहिल्या महिन्यात इनचार्ज सिस्टरला उठून खाटेपर्यंत जाताना पाहते, तशी तीही जायला लागते. उलट पाहिले, तर उलट शिकते. पुस्तकातला नीतीचा धडा तिला दोन्ही वेळा पूर्ण गुण देतो!

डोंगरातल्या वाडीवरून नर्सिंगला जाणाऱ्या मुलींना आज रमाबाईंच्या काळासारखी हुर्यो सोसावी लागत नाही. पण रात्रपाळीवरून येणाऱ्या मुलीबद्दल कुजबुज अजून होते, लग्नाच्या बोलणीत नाइट ड्युटीचा विषय निघतो, आणि नातेवाइकांचा राग डॉक्टरांपेक्षा सिस्टरवर आधी निघतो. मनुष्यबळ कमी असले की शिकणाऱ्या मुलीला रिकाम्या जागेवर उभे करायची सवयही जुनीच आहे. तिला त्या वेळी शिकवणारे कुणी नसते. ती फक्त निभावून नेते, आणि निभावून नेणे हेच काम आहे असे समजू लागते.

रमाबाई १९२४मध्ये गेल्या. परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा मुंबई प्रांतात त्यानंतर अकरा वर्षांनी, १९३५मध्ये झाला, आणि भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७मध्ये. पुण्याचे सेवासदन आजही चालू आहे.