फादर स्टीफन्स : विल्टशायर ते सासष्टी

एकनाथ महाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका काशीक्षेत्री पूर्ण केली ते साल १५७३. त्याच सुमारास इंग्लंडात पंचविशीच्या आतबाहेरचा एक तरुण, थॉमस पाउंड नावाच्या धनवान मित्राचा नोकर असल्याची बतावणी करून गुप्तपणे वावरत होता. वाडवडील ज्या रीतीने प्रार्थना करीत आले ती रीत पाळणे त्याच्या देशात गुन्हा ठरले होते. पुढे चार दशकांनी याच गृहस्थाचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण छापून प्रसिद्ध झाले.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशायर परगण्यातील बुश्टन गावी झाला. युरोपची धर्मव्यवस्था तेव्हा पुरती ढवळून निघाली होती. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने रोमच्या पोपविरुद्ध उभारलेला वाद छापखान्यामुळे काही वर्षांतच देशोदेशी पसरला. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने इंग्लंडचे चर्च रोमपासून तोडले. १५७० मध्ये पोपने राणी एलिझाबेथला बहिष्कृत केले, तेव्हापासून तेथील प्रत्येक कॅथलिक माणूस राजद्रोही असल्याचा संशय येऊ लागला. पाउंड पकडला गेला आणि पुढची कितीतरी वर्षे तुरुंगात राहिला. स्टीफन्स निसटले, रोम गाठले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. १५४० मध्ये मान्यता मिळालेला हा संघ म्हणजे कॅथलिक पंथाने ल्यूथरच्या आव्हानाला दिलेले एक प्रमुख उत्तर होते.

एप्रिल १५७९ मध्ये लिस्बन सोडलेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. त्या प्रवासाचा वृत्तांत त्यांनी वडिलांना पत्रातून कळविला. मुलाने बापाला लिहिलेले ते साधे खुशालीचे पत्र. पण त्यात वारे, मार्ग, खलाशांचे आजार आणि किनाऱ्यावरचा माड यांचे वर्णन होते. हॅक्लूटच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात ते छापले गेले आणि लंडनच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडले. मिरी-मसाल्याच्या व्यापारावर पोर्तुगालची मिरासदारी असताना त्यांना अशा माहितीचे मोल मोठे होते. १५८३ मध्ये राल्फ फिच व त्याचे सोबती होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. फिच पुढे आग्रा, फत्तेपूर सिक्री पाहून १५९१ मध्ये मायदेशी पोचला. १६०० च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. या घटनांच्या मुळाशी एकटे स्टीफन्स होते असे म्हणणे धाडसाचे होईल; पण त्या साखळीत त्यांची एक कडी आहे, हे मात्र खरे.

ते गोव्यात उतरले त्यानंतर महिनाभरातच रुदोल्फ अक्वाविवा आणि आंतोनियो मोन्सेरात हे त्यांचे संघबंधू अकबराच्या निमंत्रणावरून उत्तरेकडे निघाले. त्यांची वाट नरवर आणि ग्वाल्हेरवरून जात होती. किल्ल्याच्या कड्यातील भव्य जैन मूर्तींची नोंद मोन्सेरातने आपल्या लेखनात केली आहे. हेच अक्वाविवा परतल्यावर जुलै १५८३ मध्ये सासष्टीतील कुंकळ्ळी गावी चार सहकाऱ्यांसह मारले गेले. पोर्तुगीजांनी त्याचा सूड गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतला आणि त्यांना ठार केले.

सासष्टीत हा क्षोभ का होता, हे सांगितल्याशिवाय स्टीफन्स यांचे चरित्र पुरे होत नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय आले. १५६७ च्या सुमारास सासष्टीतील देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास. धर्मापायी ज्याने स्वतःचा देश सोडला, तो मनुष्य ज्या सत्तेच्या आश्रयाने राहिला त्या सत्तेनेच इतरांचे देव देशोधडीला लावले होते. या विसंगतीची टोचणी त्यांना लागली की नाही, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतोच. त्यांनी तिथल्या माणसांची भाषा शिकण्यात उरलेले आयुष्य घालविले, एवढे मात्र स्पष्ट दिसते. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण आहे. विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण १९५७ पर्यंत अप्रकाशित राहिले.

क्रिस्तपुराणाचा उगमही याच उजाड भूमीत आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांपाशी त्यांची जुनी पुराणे उरली नव्हती आणि मन मात्र पुराणश्रवणाला आसुसलेले होते. त्यांच्यातील एका ब्राह्मणाने तसेच काही आमच्यासाठी करा अशी मागणी केल्याचा प्रसंग ग्रंथाच्या आरंभीच येतो. स्टीफन्स यांनी संतांची ओवी घेतली, वैकुंठासारखे शब्द घेतले आणि बायबलची कथा ९५ अवस्वरूंत, म्हणजे अध्यायांत, सांगितली. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात. ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे छापला गेला, तोही रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. वस्तुतः तो हबशांच्या देशाकडे निघाला होता आणि वाटेत गोव्यातच राहिला.

१६१९ मध्ये स्टीफन्स यांचे निधन झाले. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये छापले गेले. क्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. चर्चमधून ते वाचले जाई. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषा सोडून पोर्तुगीज शिकण्याची सक्ती केली आणि चाळीस वर्षांच्या कष्टाने कमावलेली ती भाषाच तिथे परकी ठरली. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतच हा ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरी पोथी सापडली ती लंडनच्या मार्सडेन संग्रहात. आणि मराठी वाचकाच्या हाती त्याच्या स्वतःच्या लिपीतले छापील क्रिस्तपुराण आले ते १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या पुण्याच्या आवृत्तीने, ग्रंथ प्रथम छापला गेल्यानंतर तीनशे चाळीस वर्षांनी.