मल्लश्रेष्ठ गामा

बडोद्याच्या सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालयात एक प्रचंड शिळा जपून ठेवलेली आहे. तिचे वजन १२०० किलो सांगतात. २३ डिसेंबर १९०२ या दिवशी गामा पहिलवानाने ती उचलली, अशी नोंद तिच्यावर कोरलेली आहे. गामा त्या वेळी चोवीस वर्षांचा होता. ती शिळा पाहून मनुष्याच्या अंगी एवढे बळ आले कोठून, हा प्रश्न सहजच मनात उभा राहतो. त्याचे उत्तर गामाच्या चरित्रात आहे. आणि मिळविलेले बळ कोणत्या कामी लावावे, या त्याहून मोठ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच चरित्रात आहे.

गामाचे मूळ नाव गुलाम महंमद बक्ष. त्याचा जन्म १८७८ साली मल्लांच्याच घराण्यात झाला. वडील अझीझ बक्ष हे ग्वाल्हेरजवळच्या दतिया संस्थानात दरबारी पहिलवान होते. गामा सहा वर्षांचा असेल नसेल तोच पितृछत्र हरपले. आजोळच्या माणसांनी पोरक्या मुलाला पदरात घेतले आणि बापाची विद्या त्याच्या अंगी उतरविण्याचा निश्चय केला.

दहाव्या वर्षी, म्हणजे १८८८ साली, जोधपूरच्या महाराजांनी भरविलेल्या बैठकांच्या स्पर्धेत तो उतरला. देशोदेशीचे चारशेहून अधिक मल्ल तेथे जमले होते. एकेक जण थकून बाजूला होत गेला. अखेरीस जे पंधरा जण उरले, त्यांत हा दहा वर्षांचा पोर होता. त्याचे वय आणि जिद्द पाहून महाराजांनी त्यालाच विजयी ठरविले. त्यानंतर कित्येक दिवस त्याला अंथरुणातून उठवत नव्हते, असे सांगतात. पुढे दतियाच्या महाराजांनी त्याच्या तालमीचा भार उचलला.

गामाची मेहनत हा आजच्या तरुणांनी बारकाईने पाहण्यासारखा विषय आहे. बालपणी त्याचा नेम पाचशे जोर व पाचशे बैठकांचा होता. शिवाय फावड्याने हौद्याची माती उकरण्याचे काम असे. प्रौढपणी हा नेम वाढत वाढत तीन हजार जोर व पाच हजार बैठकांपर्यंत गेला आणि आखाड्यातील चाळीस जोडीदारांशी लढणे त्याच्या जोडीला आले, असे त्याच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. सुमारे ९५ किलो वजनाचे एक दगडी कडे गळ्यात घालून तो बैठका काढीत असे. ते कडे पतियाळाच्या क्रीडासंस्थेत अद्याप पाहावयास मिळते.

या मेहनतीमागे शास्त्र आहे. बैठकांनी मांड्या व कंबर भक्कम होते आणि दम वाढतो. जोर काढल्याने छाती, खांदे व दंड भरतात, शिवाय पाठीचा कणा लवचिक राहतो. माती उकरल्याने मनगटाची पकड घट्ट होते. परंतु यांतील मुख्य गोष्ट आकड्यांची नसून क्रमाची आहे. पाचशेंचे पाच हजार होण्यास कित्येक वर्षे जावी लागली. मेहनतीच्या वेळी शरीर झिजते आणि विश्रांतीच्या वेळी ते पूर्वीपेक्षा बळकट होऊन उभे राहते. म्हणून मालीश, स्वस्थ झोप आणि नियमित दिनक्रम यांना तालमीत मेहनतीइतकाच मान असतो.

आता खुराकाविषयी. लहानपणी गामाला दूध, बदाम व फळांचा रस देत. मांसाहार व यखनी ही पुढे किशोरवयात सुरू झाली. प्रौढपणी रोजचे वीस लिटर दूध, अर्धा लिटर तूप, पाऊण किलो लोणी आणि चार किलो फळे, असा त्याचा आहार सांगितला जातो. दूध व बदाम यांतील प्रथिनांनी स्नायूंची झीज भरून निघते. तूप वजनाला वजन धान्याच्या दुपटीहून अधिक उष्मांक पुरविते. दिवसभर घाम गाळणाऱ्याला ते लागतात. पण खुराक पहिलवानाचा आणि मेहनत कारकुनाची, असा प्रकार झाला तर तेच तूप शरीराचे वैरी होते. आजचे आहारशास्त्र सांगते की, बळाचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. सत्तर किलो वजनाच्या तरुणाला ही ११२ ग्रॅम प्रथिने दूध, दही, डाळी, उसळी, शेंगदाणे यांच्या योग्य मेळातून घरच्या ताटातही मिळविता येतात. गामाचा खुराक राजाच्या कोठारातून येत होता, हे विसरता कामा नये. इंदूर, बडोदे, कोल्हापूर, पतियाळा यांसारख्या दरबारांच्या आश्रयावर त्या काळची मल्लविद्या पोसली गेली. संस्थाने गेली आणि कित्येक आखाड्यांच्या चुलीही थंडावल्या.

गामाची उंची साडेपाच फुटांहून थोडीच अधिक होती. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी गुजराणवाल्याचा रहीम बक्ष सुलतानीवाला हा जवळजवळ सात फुटांचा होता. दोघांच्या आधीच्या लढतींचा निकाल लागला नव्हता. १९१० साली गामा धाकटा भाऊ इमाम बक्ष याच्यासह विलायतेस गेला. तेथे त्याच्या उंचीकडे पाहून त्याला स्पर्धेत घेण्याचे नाकारण्यात आले. तेव्हा कोणत्याही वजनाचे तीन मल्ल आपण अर्ध्या तासात पाडून दाखवू, असे त्याने जाहीर आव्हान दिले. अमेरिकेचा डॉक्टर बेंजामिन रोलर पुढे आला. गामाने त्याला पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत चीत केले.

त्यानंतर १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये पोलंडचा जगज्जेता मल्ल स्टॅनिस्लॉस झ्बिस्को याच्याशी त्याची गाठ पडली. गामाचे पाणी जोखताच झ्बिस्कोने जमीन धरली आणि अडीच तासांहून अधिक वेळ तो बहुतांशी तसाच पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरला ती पुन्हा व्हावयाची होती, पण झ्बिस्को आलाच नाही. मानाचा पट्टा गामाला मिळाला. स्वदेशी परतल्यावर प्रयागला त्याने रहीम बक्षलाही हरविले आणि रुस्तुम-ए-हिंद हा किताब मिळविला.

झ्बिस्कोशी राहिलेला हिशेब अठरा वर्षांनी पुरा झाला. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा मैदानात आणले. दोघेही पन्नाशीला आलेले. विलायतेत अडीच तासांत जे झाले नव्हते, ते येथे एका मिनिटाच्या आत झाले. झ्बिस्कोची पाठ मातीला लागली. पराभूत मल्लानेही गामाची थोरवी मोकळ्या मनाने मान्य केली. पन्नास वर्षांचे शरीर असे चपळ राहते ते नित्यनेम न मोडल्यामुळेच.

पण गामाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी लढत मैदानात झाली नाही. १९४७ साली देशाची फाळणी झाली. त्या वेळी तो लाहोरच्या मोहनी रोडवर राहत होता. त्याच्या शेजारी हिंदू कुटुंबे होती. गावात आगी लागत होत्या, माणसे कापली जात होती. जमाव त्या वस्तीवर चालून आला, तेव्हा साठीच्या पुढचा हा म्हातारा आपल्या पठ्ठ्यांसह शेजाऱ्यांच्या दारापुढे उभा राहिला. जमाव त्याच्याच धर्माचा होता. तरी त्याने वाट दिली नाही. त्या कुटुंबांच्या केसालाही धक्का लागला नाही. पुढे त्यांना जाणे भाग पडले, तेव्हा स्वतःच्या खर्चाने वाटेची शिधासामग्री देऊन त्याने त्यांना सरहद्दीपर्यंत सुखरूप पोहोचविले.

त्याचे अखेरचे दिवस मात्र विपन्नावस्थेत गेले. दरबार उरले नव्हते, खुराक उरला नव्हता, शरीर व्याधींनी पोखरले होते. हे कळताच भारतातून घनश्यामदास बिर्ला यांनी त्याला साहाय्य पाठविले. सरहद्द आड आली तरी कृतज्ञता आड आली नाही. २३ मे १९६० रोजी लाहोर येथे गामाचा देह विसावला. मोठ्या कुस्तीत तो कधीही चीत झाला नव्हता.

आपल्या तालमींत मारुतीची मूर्ती असते. मारुतीचे बळ हे सेवेसाठी होते, स्वतःसाठी नव्हते, ही शिकवण आपण मुलांना बालपणापासून देत आलो आहो. मारुतीचे नाव न घेणाऱ्या एका मल्लाने ती शिकवण संकटाच्या रात्री आचरून दाखविली. बडोद्याच्या त्या शिळेवर त्याने उचललेल्या दगडाची नोंद आहे. मोहनी रोडवर त्याने जो भार उचलला, त्याची नोंद कोठल्याही दगडावर नाही. ती आपण आपल्या मुलांच्या मनावर करून ठेवावी.