कुसुमावती देशपांडे
कुसुमावती आत्माराम देशपांडे (पूर्वाश्रमीच्या कुसुम जयवंत) (जन्म : अमरावती, १० नोव्हेंबर १९०४, मृत्यू : १७ नोव्हेंबर १९६१) या मराठी कथालेखिका व समीक्षक होत्या. कवी अनिल म्हणजेच आत्माराम रावजी देशपांडे हे त्यांचे पती.

जीवन
कुसुमावतींनी लंडन विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी मिळवली. त्यानंतर नागपूरच्या महाविद्यालयात त्या इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. १९२९ मध्ये त्यांचा विवाह झाला.

लेखनाचा प्रारंभ
विवाहापूर्वी, महाविद्यालयीन वयात, कुसुम आणि अनिल यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. ही पत्रे प्रकाशनासाठी लिहिलेली नव्हती. ती एकाच वाचकासाठी होती. मनातील सूक्ष्म भाव नेमक्या शब्दांत पकडण्याची धडपड त्यांत आढळते. त्यामुळे कुसुमावतींच्या ललित गद्याची पहिली घडण या पत्रांतच झाली, असे म्हणता येते. त्यांच्या मृत्यूनंतर ही पत्रे 'कुसुमानिल' या नावाने ग्रंथरूपात आली.

साहित्य
'दीपकळी' (१९३४), 'दीपदान' आणि 'मोळी' हे त्यांचे कथासंग्रह होत. घटनांपेक्षा भाववृत्तीला महत्त्व देणाऱ्या या कथांत सामान्य, उपेक्षित माणसांविषयीची सहानुभूती दिसते. 'पासंग' (१९५४) हा त्यांचा समीक्षालेखसंग्रह. 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा कादंबरीच्या वाटचालीचा त्यांचा अभ्यास आजही संदर्भासाठी वापरला जातो.

सन्मान
१९६१ मध्ये ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. १८७८ पासून चालत आलेल्या संमेलनांच्या परंपरेत हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.