कवी आणि कवींचे पालक : रेव्ह. नारायण वामन टिळक

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे दि. ६ डिसेंबर १८६१ रोजी टिळकांचा जन्म झाला. मातोश्री जानकीबाई काव्यप्रेमी होत्या. वडील करड्या स्वभावाचे. आई निवर्तल्यावर ह्या मुलाचे मन घरी रमेना. तो नाशकास आला व गणेशशास्त्री लेले ह्यांजपाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. पदवी अशी त्याने कोणतीच मिळविली नाही.

पुढे कधी शिक्षक, कधी संपादक, अशी त्यांची गावोगाव भ्रमंती चालली. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला, आणि दि. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा वृत्तांत आपल्या वाचकांस बहुधा ठाऊकच आहे. येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या स्वभावाविषयी.

टिळकांचे मन चारचौघांच्या वाटेने चालणारे नव्हते. पैसा हाती टिकत नसे. समोर दुःखी मनुष्य आला की असेल ते देऊन ते मोकळे होत, मग घरात दाणा असो वा नसो. राग क्षणात चढे आणि क्षणात उतरे. लहर लागली की गाव सोडून निघत, घरी कळविण्याचेही भान राहत नसे. मेंदूची घडण प्रत्येकाची सारखी नसते, असे आजचे मानसशास्त्र सांगते. दिवंगत पुरुषास वैद्यकीय नाव चिकटविण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु ही घडण निराळी होती, एवढे निःसंशय. तिचा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला, हेही लपवू नये. टिळकांची थोरवी गाताना त्या माउलीचे हाल विसरणारे चरित्रकार आम्हांस रुचत नाहीत.

ज्याचे स्वतःचे मन रूढ साच्यात बसत नाही, त्यास दुसऱ्याचे तसे मन चटकन ओळखता येते. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या सतरा वर्षांच्या आतील मुलाने आपली कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर ह्यांनी त्यास ‘बालकवी’ ही पदवी दिली. पदवी देऊन सभा उठते. पण मुलाचे पुढे काय? टिळकांनी त्यास अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) आपल्या घरी नेले व पुत्रवत वागविले. ठोमरे मोठा हळवा होता. आनंदाला जशी भरती येई, तशीच उदासीनता त्यास गिळून टाकी. आम्हा शिक्षकांस अशी मुले वर्गात भेटतात, आणि प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नाही’ एवढा शेरा लिहून आम्ही मोकळे होतो! टिळकांच्या घरी त्या लहरींसकट तो सामावला. ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. धर्मोपदेशकाच्या घरातील त्यांची जागा त्यामुळे उणी झाली नाही.

दुसरे उदाहरण घरातलेच. १८८० साली विवाह झाला तेव्हा लक्ष्मीबाई निरक्षर होत्या. टिळकांनीच त्यांस लिहावाचावयास शिकविले. त्या कविता करू लागल्या, तेव्हा त्यांनी पत्नीस ह्या वाटेवर उत्तेजनच दिले.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. दि. ५ मे १९१८ रोजी बालकवी आगगाडीच्या अपघातात गेले. एका वर्षाने, दि. ९ मे १९१९ रोजी, टिळकांनीही मुंबईस देह ठेवला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांवरच थांबले होते. पुढील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ छापून येऊ लागली, आणि टिळकांच्या सर्व लहरी महाराष्ट्रास कळल्या त्या ह्याच लेखणीतून. १९३६ साली त्या निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले ते १९३८ साली.